खराऱ्याचा खर्च

रायपूर शहराच्या उत्तरेकडे, बिरगावला लागून, उरला हे औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. लोखंडाच्या भट्ट्या, रोलिंग मिल, त्यांना कच्चा माल पुरविणारी गोदामे आणि अहोरात्र उभे असलेले मालमोटारींचे तांडे, असे तेथील दृश्य. शेजारी सिलतरा येथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. वारा कोणत्याही दिशेने वाहिला तरी काळी भुकटी आपल्या वाट्यास येतेच. टेबलावर सकाळी पुसलेली काच दुपारी बोटाने सही करता येईल अशी होते. ज्या विषयावर आज लिहीत आहे तो या धुळीशिवाय समजणार नाही, म्हणून प्रारंभीच तिचा उल्लेख केला.

२०१९ च्या एप्रिल महिन्यात उरल्यातील एका शासकीय गोदामाकडून आलेली एक लहानशी नस्ती वित्तीय सहमतीसाठी माझ्यासमोर ठेवण्यात आली. कार्यालयाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. गोदामात पहाऱ्यासाठी जर्मन शेफर्ड जातीचा एक कुत्रा होता. त्याच्या केसांची व्यावसायिक निगा शहरातील एका दुकानाकडून वर्षातून आठ वेळा करून घ्यावी, प्रत्येक वेळी पंधराशे रुपये याप्रमाणे बारा हजारांची तरतूद करावी, असा प्रस्ताव होता. प्रस्तावाच्या शीर्षकात 'ग्रूमिंग' हा शब्द होता, आणि सगळा घात त्या शब्दाने केला. मी समासात लिहिले: "सौंदर्यवर्धनाचा खर्च शासकीय निधीतून समर्थनीय वाटत नाही. काटकसरीचा पर्याय शोधावा." सही केली आणि पुढची नस्ती ओढली.

पर्याय शोधण्यात आला. तो काय होता हे पुढे येईलच. त्या निमित्ताने मला जो प्रश्न पडला तो असा, की सरकारने पाळलेल्या जनावराच्या अंगावरून हात फिरविण्याचे काम आजवर कोणी केले, आणि त्याचे पैसे कोठून दिले गेले?

कौटिल्याचे अर्थशास्त्र या बाबतीत आपल्या आजच्या अंदाजपत्रकापेक्षा अधिक नेमके आहे, हे मान्य करावे लागते. कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणात कुत्र्याला एक प्रस्थ शिजविलेले अन्न आणि हंस, क्रौंच, मोर यांना त्याच्या निम्मे, असे शिध्याचे प्रमाण दिलेले आहे. कुराणांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात पारधी व शिकारी कुत्रे बाळगणारे यांनी अरण्यांतून फिरत राहावे, असे सांगितले आहे. म्हणजे कुत्रा तेव्हाही गस्तीच्या कामावर होता. परंतु माझे लक्ष अश्वाध्यक्षाच्या प्रकरणाने अधिक वेधले. तेथे घोड्यांच्या सेवेतील माणसांची यादी आहे: घोडे बांधणारा, चारा आणणारा, खाद्य शिजविणारा, ठाणाची राखण करणारा, विषबाधेवर इलाज जाणणारा. आणि या यादीत 'केशकार' आहे. घोड्याच्या केसांची निगा राखणारा स्वतंत्र माणूस. काम चुकविल्यास त्या दिवसाचे वेतन कापावे, अशी शिक्षाही लगेच पुढे सांगितली आहे. केशकाराला वैद्याच्या आणि स्वयंपाक्याच्या पंक्तीत बसविणाऱ्या ग्रंथकाराला हे काम शोभेचे वाटत नव्हते, एवढे तर उघड आहे. कुत्र्यासाठी मात्र त्याने केशकार दिला नाही. दिला असता तरी त्या काळच्या, आपल्या उष्ण देशातील आखूड केसांच्या कुत्र्याला त्याची गरज नव्हती.

मराठ्यांच्या राज्यात घोडा हेच लष्कराचे भांडवल, म्हणून तेथे हा हिशोब अधिक स्पष्ट दिसतो. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, पाच हवालदारांमागे एक जुमलेदार. आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक सुंदर गोष्ट दिसते. जुमलेदाराचे वेतन जेथे मोजले आहे तेथेच पाणी आणि नाल यांचे माणूसबळही घोड्यांच्या संख्येशी बांधून दिले आहे. आज आपण ज्याला 'मानके' म्हणतो ती हीच. घोडे वाढले की नालबंद वाढणार. त्यासाठी स्वतंत्र प्रस्ताव, स्वतंत्र औचित्य, स्वतंत्र आक्षेप यांची गरज नाही.

आणि खरारा? तो मोतद्दाराचा. घोड्याच्या अंगावरील धूळ, घाम, गळालेले केस लोखंडी दात्यांनी काढून अंग चोळणे, याला मराठीत खरारा करणे म्हणतात, आणि ज्या अवजाराने ते करायचे त्यालाही खराराच म्हणतात. पागेच्या हिशोबात खरारा ही खर्चाची बाब कधी झाली नाही. मोतद्दार ही खर्चाची बाब होती. हा फरक लक्षात ठेवावा, कारण उरल्यातील प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. काम माणसाच्या नेमणुकीत मुरलेले असले की ते हिशोबात दिसत नाही. माणूस गेला की तेच काम देयक होऊन समोर येते, आणि देयकाकडे पाहून लेखाधिकारी दचकतो.

कुत्रा या व्यवस्थेत कोठे होता? अठरा कारखान्यांपैकी शिकारखान्यात. मराठेशाहीतील एका कुत्र्याचा मान मात्र लोकांच्या स्मरणात आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीस थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीपाशी त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीच्या प्रसंगी त्याने महाराजांना वाघापासून वाचविले, म्हणून महाराजांनी त्याला पालखी आणि जहागीर दिली, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा शब्दन् शब्द खरा धरण्याचे कारण नाही. पण ती खरी असेल, तर स्वतःच्या उत्पन्नावर जगणारा आणि वित्त विभागाकडे हात न पसरणारा असा तो एकमेव सरकारी कुत्रा म्हणावा लागेल.

इंग्रजी अमलात मुंबई सरकारने कुत्र्यांवर केलेला ठळक खर्च मात्र त्यांना पोसण्याचा नव्हता, मारण्याचा होता. मोकाट कुत्रा मारल्याबद्दल शिपायाला आठ आणे बक्षीस मिळे. या आठ आण्यांच्या लोभाने शिपाई घरांत शिरून पाळीव कुत्रीही धरू लागले आणि जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला. फोर्ट भागातील व्यवहार ठप्प झाले. नगामागे पैसे देण्याच्या योजनेत काय दोष असतो याचे याहून चांगले उदाहरण मला पाठ्यपुस्तकातही मिळाले नव्हते. असो.

लष्करात जनावरांची व्यवस्था बंगालमध्ये १७७९ साली सुरू झालेल्या घोडे-पैदाशीच्या खात्यापासून मोजली जाते. १९२० मध्ये भारतातील पशुवैद्यकीय दलाची उभारणी झाली. तेव्हाही घोडा आणि खेचर हेच केंद्रस्थानी होते. कुत्र्यांच्या प्रशिक्षणाची स्वतंत्र शाखा मेरठला आली ती १९६० मध्ये. त्याच्या काही महिने आधी, १९५९ च्या डिसेंबरात, मुंबई पोलिसांचे श्वानपथक तीन डॉबरमन कुत्र्यांनिशी सुरू झाले होते. सीमा सुरक्षा दलाचे ग्वाल्हेरजवळील टेकनपूरचे श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० चे. केंद्रीय राखीव पोलीस दलाने बंगळूरूजवळ तरळू येथे पैदास व प्रशिक्षणाची शाळा २०११ मध्ये काढली.

या सनावळीत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती केसांची आहे. मुंबईच्या पहिल्या पथकातील डॉबरमन हा आखूड, एकेरी केसांचा कुत्रा. ओल्या फडक्याने पुसला तरी चकाकतो. जर्मन शेफर्ड, ज्याला आपल्याकडील जुनी माणसे अजून अल्सेशियन म्हणतात, तो निराळा. माक्स फॉन श्टेफानिट्स या लष्करी अधिकाऱ्याने १८९९ मध्ये जर्मनीतील मेंढपाळी कुत्र्यांतून ही जात नोंदवून घडविली. थंडी, पाऊस, बर्फ यांत मेंढरांमागे धावणाऱ्या या कुत्र्याला निसर्गाने दुहेरी आवरण दिले: वर राठ, पाणी न धरणारे केस आणि त्याखाली दाट, मऊ लव. लॅब्रॅडॉरचेही तसेच; न्यूफाउंडलंडच्या गोठलेल्या पाण्यात कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांचा तो वंशज.

स्फोटकांचे युग आले आणि माग काढणाऱ्या डॉबरमनपेक्षा वास हुंगणाऱ्या लॅब्रॅडॉरला मागणी वाढली. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतरचा 'जंजीर' सर्वांना आठवत असेल. पुण्यात शिकलेल्या या कुत्र्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे शोधल्याची नोंद आहे. २००० च्या नोव्हेंबरात हाडाच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. पुष्पचक्र वाहणाऱ्या अधिकाऱ्याचे छायाचित्र पुढे जगभर फिरले. एका कुत्र्याने वाचविलेल्या मालमत्तेचा आणि जीवितांचा हिशोब कोणी करू गेले तर त्याच्यावरील सगळा खर्च त्यात बुडून जाईल. पण अंदाजपत्रक असे लिहिले जात नाही. अंदाजपत्रकात जंजीर म्हणजे शिधा, औषध आणि एक हवालदार.

थोडक्यात, गेल्या साठ-पासष्ट वर्षांत आपण थंड मुलखातील दुहेरी केसांचे कुत्रे उष्ण मुलखात कामाला लावले, आणि त्या केसांची जबाबदारी मुकाट्याने हँडलरच्या दिनक्रमात टाकली. शिस्तबद्ध दलांत ही व्यवस्था चालते, कारण तेथे एका कुत्र्यामागे नेमलेला माणूस असतो आणि रोजची कंगवा-ब्रशाची वेळ कवायतीइतकीच ठरलेली असते. तो खर्च किती, याचा हिशोब मी नंतर, उशिरा, मांडून पाहिला. रोज वीस मिनिटे धरली तर वर्षाचे सुमारे १२२ तास होतात. आठ तासांचा दिवस धरल्यास पंधरा कामाचे दिवस. म्हणजे हँडलरचे अर्ध्या महिन्याहून थोडे अधिक वेतन दरवर्षी कुत्र्याच्या केसांवर खर्च होते आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नसते, कारण ते 'वेतन' या शीर्षाखाली आहे.

उरल्यातील गोदामात पूर्वी हीच व्यवस्था होती. कुत्र्यासाठी एक चतुर्थ श्रेणी कर्मचारी होता. तो निवृत्त झाला, पद भरले गेले नाही, आणि पुढे पहाऱ्याचे काम कंत्राटावर गेले. कंत्राटदाराचा रक्षक कुत्र्याला फिरवी, खाऊ घाली; करारात तेवढेच होते. खराऱ्याचा शब्द करारात नव्हता, कारण करार लिहिणाऱ्याला असे काही काम असते हेच माहीत नव्हते. पद रद्द केल्याची बचत कागदावर दाखविली गेली. त्या पदाबरोबर गेलेले काम कोणी दाखविले नाही. दोन वर्षांत धूळ लवेत बसून तिच्या गुठळ्या झाल्या, तेव्हा गोदामाच्या व्यवस्थापकाने शहरातील दुकानाकडून दर मागविले. माझ्यासमोर आलेली नस्ती ती हीच होती. त्यात मागचा इतिहास नव्हता. मीही विचारला नाही.

आता पर्यायाविषयी. मे महिन्याच्या अखेरीस इकडे 'नवतपा' म्हणतात ते नऊ दिवस येतात, रोहिणी नक्षत्रात सूर्य गेल्यावरचे. त्या सुमारास मी दुसऱ्या कामासाठी उरल्यास गेलो. फाटकापाशी साखळीला एक जनावर बांधलेले होते. क्षणभर ते काय आहे हे उमगले नाही. गुलाबी-करड्या कातडीचा, बरगड्या दिसणारा, डोके तेवढे केसाळ असलेला कुत्रा. केस कापण्याच्या यंत्राने त्याचे सगळे अंग साफ भादरण्यात आले होते. खर्च दोनशे रुपये, किरकोळ खर्चातून. पाठीवर दोन ठिकाणी ओल्या जखमा होत्या आणि त्यांवर माश्या.

रक्षक स्थानिक छत्तीसगढी माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, वरून काटकसरीचा हुकूम आला होता. केस काढले तर याला गार वाटेल असं आम्हाला वाटलं. पण तेव्हापासून हा उन्हात उभाच राहत नाही. रात्रीही गाडीखाली जाऊन बसतो."

'वरून' म्हणजे मी, हे त्याला ठाऊक नव्हते. मी ते त्याला सांगितलेही नाही, ही गोष्ट येथे नमूद करणे भाग आहे.

पशुवैद्यांनी जे समजावून सांगितले ते असे. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घामेजत नाही. तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. म्हणून केस काढल्याने घाम सुकून गारवा मिळण्याचा प्रश्नच नसतो. उलट वरचे राठ केस ऊन अडवितात, आणि मोकळी, विंचरलेली लव कातडीजवळ हवा खेळती ठेवते. लवेच्या गुठळ्या झाल्या की ती हवा कोंडते, ओल धरते, कातडी सडू लागते. म्हणजे दोष केसांचा नसतो, न विंचरलेल्या केसांचा असतो. भादरल्यावर लव लवकर वाढते आणि राठ केस मागे राहतात. कधी कधी ते ठिगळांसारखे येतात, कधी येतच नाहीत. वर्षातून दोनदा, ऋतू बदलताना, ही लव मोठ्या प्रमाणावर गळते. त्या वेळी ती दात्यांच्या कंगव्याने आणि जोराच्या वाऱ्याने मुळापासून मोकळी करणे हेच खरे काम. प्रस्तावातील आठ खेपांपैकी चार या दोन हंगामांसाठी होत्या, हे नस्ती पुन्हा उघडल्यावर माझ्या ध्यानात आले. प्रस्ताव करणाऱ्याला विषय समजलेला होता. शब्द तेवढा त्याने दुकानाच्या पाटीवरचा घेतला होता.

आता लेखाशीर्षाचा प्रश्न, कारण आमच्या व्यवसायात गोष्ट तेथे संपल्याखेरीज संपत नाही. तेव्हाच्या वर्गीकरणात २१ क्रमांकाचे उद्दिष्ट शीर्ष पुरवठा व साहित्याचे, २३ शिध्याचे, २५ कपडे व तंबूंचे, २८ व्यावसायिक सेवांचे. कुत्र्याचे अन्न कोठे, औषध कोठे, यावर मतभेद नव्हते. केसांची निगा कोठे? एका सहकाऱ्याने, थट्टेत पण अगदीच चुकीने नव्हे, 'कपडे' या शीर्षाकडे बोट दाखविले. जनावराचा तो गणवेशच नाही का? २०२३-२४ पासून उद्दिष्ट शीर्षांची फेररचना झाली आहे. तरीही 'जनावराची देखभाल' अशी ओळ मला त्यात आढळलेली नाही. गोदामातील जनरेटरच्या देखभालीचे वार्षिक कंत्राट मी कोणतीही शंका न घेता मंजूर करीत होतो. यंत्राला तेल लागते हे आम्हाला पटते. सामान्य वित्तीय नियमांत म्हटले आहे की सुज्ञ माणूस स्वतःच्या पैशाबाबत जितकी दक्षता घेईल तितकीच अधिकाऱ्याने सरकारी पैशाबाबत घ्यावी. त्या कसोटीचा उपयोग आम्ही बहुधा 'नाही' म्हणण्यासाठीच करतो. माझ्या घरी तो कुत्रा असता तर दिवसाला तेहतीस रुपये मी दिले असते की नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

मूळ निवडीवरच आक्षेप घेता येतो, आणि तो घ्यायला हवा. रायपूरच्या उन्हात जर्मन मेंढपाळी कुत्रा कशाला? आमच्याकडे सोलापूर, लातूर, सांगलीकडील शेतांत ससाण्यासारखा धावणारा कारवानी कुत्रा आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याला राजाश्रय दिला आणि मालोजीरावांनी त्याची जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली, म्हणून तो मुधोळ हाउंड झाला. २००५ मध्ये टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची जी तिकिटे काढली त्यांत तो आहे. २०१६ च्या सुमारास त्याची पिल्ले मेरठला लष्कराकडे चाचणीसाठीही गेली. आखूड, एकेरी केस, खराऱ्याचा खर्च जवळपास शून्य. अर्थशास्त्राच्या दृष्टीने उत्तर सोपे दिसते. परंतु तो दृष्टीने शिकार करणारा, धावणारा कुत्रा. साखळीला बांधून फाटकावर रात्र काढणे हा त्याचा स्वभाव नव्हे. आणि मुख्य म्हणजे उरल्यातील कुत्रा आधीच तेथे होता. धोरण पुढच्या खरेदीला लागू करता येते. जिवंत जनावराला मागील तारखेने जात बदलायला सांगता येत नाही.

जूनमध्ये मी माझीच टिपणी फिरविणारी टिपणी लिहिली. त्यात 'ग्रूमिंग' हा शब्द टाळला आणि 'कातडी व केसांची प्रतिबंधक देखभाल' असे लिहिले; २८ क्रमांकाच्या शीर्षाखाली बारा हजार, आणि कंत्राटाच्या नूतनीकरणात रक्षकाच्या कामात रोज वीस मिनिटांचा खरारा, असा स्वतंत्र परिच्छेद. ब्रश व दात्यांचा कंगवा साहित्यातून. वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला: "खरारा म्हणजे काय?" ते मराठी नव्हते. मी सांगितले. सही झाली.

दिवाळीच्या सुमारास पुन्हा गेलो तेव्हा कुत्र्याच्या पाठीवर लव आली होती. राठ केस मानेवर आणि शेपटाकडे. उजव्या कुशीवर तळहाताएवढी जागा तशीच उघडी होती. रक्षकाने कंगवा भिंतीतल्या खिळ्याला टांगून ठेवला होता आणि त्याच्या दात्यांत काळ्या भुकटीचा थर होता.